विरजणाची बाटली

१

“साहेब, माझी बाटली गेली!”

दगडी गडग्यापलीकडून अली मुकादमाची हाक आली तेव्हा आत्माराम तोडणकर कालचा पेपर आज पुन्हा वाचत बसले होते. पुन्हा वाचल्यानं बातम्या काही बदलत नाहीत. पण घरात बोलायला दुसरं कोणी नसलं की माणूस बातम्यांशीही सलगी करतो. आत्मारामांची उभी नोकरी कस्टमात गेली. मिऱ्या बंदराला लागणाऱ्या लाँचींच्या पोटातून त्यांनी काय काय उकरून काढलं, त्याच्या गोष्टी एके काळी सगळी आळी सांगायची. मग निवृत्ती आली, मागोमाग बायको गेली, मुलगी पुण्याला संसारात बुडाली, आणि ‘साहेब, हे जरा बघा’ म्हणणारं माणूसच उरलं नाही. तेव्हा शेजाऱ्यावर संकट आलं म्हणून खरं तर त्यांना वाईट वाटायला हवं होतं. वाटला तो हुरूप! उजवी चप्पल डाव्या पायात घालून ते निघालेसुद्धा.

अली दारातच उभा होता. जन्मभर बोटीवर कुक म्हणून काम केलेला, सगळे समुद्र पालथे घातलेला दांडगा गडी. पण आज त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

“कसली बाटली? दारूची नव्हे ना रे?” आत्मारामांनी थट्टा केली.

“तोबा तोबा! विरजणाची, साहेब. माझ्या विरजणाची.”

आता हे विरजण म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर एका वाटीभर दह्यासाठी म्हातारा रडला असं वाटायचं.

अलीच्या मागच्या खोलीत एसी होता. २००३ साली आमच्या त्या आळीत माणसांना एसी नव्हता, पण अलीच्या अळंबीला होता. शेवटच्या खेपेला कोरियाच्या बुसान बंदरात एका म्हातारीकडून त्यानं या अळंबीचं बीज आणलं होतं. ही काही श्रावणात भाजीला मिळते ती अळंबी नव्हे. रानात ती जिवंत किड्याच्या अंगात शिरते, त्याला आतल्या आत खाऊन टाकते आणि मग त्याच्या टाळूतून केशरी बोटासारखी वर येते. तिकडे तिचं औषध करतात. गुण किती ते अल्ला जाणे, असं अली स्वतःच म्हणायचा. तो ती काचेच्या बरण्यांत वाढवी. उकडा तांदूळ शिजवायचा, त्यात रेशमाच्या किड्यांची पूड घालायची, कुकरला वाफ द्यायची आणि गार झाल्यावर चमचाभर पांढुरकं बीजाचं पाणी सोडायचं. पुढे महिना-दीड महिना थंडावा आणि ट्यूबलाइटचा उजेड मिळाला की बरणीत केशरी बोटांचं रान उभं राही. त्या बीजाला पुस्तकात काय नाव असेल ते असो, अली त्याला विरजण म्हणे, म्हणून घरचेही विरजणच म्हणत. “दह्याला जसं विरजण, तसं हिला हे. थोडं राखायचं, पुढच्या वेळी लावायचं. तुटलं की संपलं.”

आणि आता ते तुटलं होतं. परवाच सगळ्या बरण्या रिकाम्या करून माल वाळवून झाला होता. आज नव्या लावायच्या होत्या. जिवंत उरली होती ती स्वयंपाकघरातल्या फ्रिजच्या दारातली लाल झाकणाची एकुलती एक बाटली, आणि नेमकी तीच सकाळी जागेवर नव्हती.

“कुणी नेली ते मला ठाऊक आहे,” अली दात आवळून म्हणाला. “घरातलंच माणूस आहे. उद्या तिचा भाऊ मंडणगडाहून येतोय न्यायला. जाऊ दे तिला. गेली की परत यायचं काम नाही!”

२

‘ती’ म्हणजे महरीन, अलीची सून. अलीची बायको केव्हाच अल्लाला प्यारी झालेली, मुलगा तन्वीर कुवेतला. म्हणजे घरात माणसं दोन, सासरा आणि सून. त्यातला सासरा बरण्यांपाशी, सून चुलीपाशी. महरीन गेली तर अली आणि त्याच्या रिकाम्या बरण्या, एवढंच त्या घरात उरणार होतं. रागाच्या भरात त्याला ते दिसत नव्हतं. आत्मारामांना मात्र चांगलं दिसत होतं, कारण तसलं घर त्यांच्याकडे होतंच.

त्यांनी आधी फ्रिज उघडून पाहिला. दाराच्या कप्प्यात बाटलीच्या जागी गोल ओलसर डाग होता. वरच्या फळीवर वाळवलेल्या अळंबीचा डबा जिथल्या तिथे. दह्याचं पातेलं मात्र दिसेना. मोरीत डोकावून पाहिलं, ती कोरडी होती.

“दही संपलं?” त्यांनी विचारलं.

“काल अळंबी नेणारे हर्षदभाऊ आले होते ना अब्बांकडे,” महरीन खाली मान घालून म्हणाली. “त्यांच्यासाठी कोंबडी केली, त्यात गेलं सगळं.”

ओट्यावर पाण्यानं भरलेल्या बशीत अबोलीचा वळेसर, केसांत माळायचा गजरा, ठेवला होता. फुलं कालची, पण टवटवीत. आत्मारामांनी ती निरखून पाहिली.

“अली म्हणतो, तू बाटली फेकलीस.”

“म्हणू देत.”

“तू म्हणाली होतीस म्हणे, या घरात एक तर हे किडे राहतील, नाहीतर मी.”

“म्हटलं होतं. चाचा, किड्याच्या डोक्यातून उगवणारी ती बोटं बघून मला जेवण जात नाही. माझा माणूस तिकडे, लढाईच्या बातम्या इकडे. फोन आला की अब्बा आधी त्याला बरण्यांचं सांगतात. माझ्या वाट्याला ‘बरी आहेस ना’ एवढंच येतं. म्हटलं असेन रागानं. पण फेकली नाही मी.”

“मग काल तिन्हीसांजेला, अली घरात नसताना, कोण आलं होतं?”

“कोणी नाही. अब्बा मगरिबला मशिदीत गेले होते, मी इथे नमाजला बसले होते. कोणीच नाही आलं.”

आत्मारामांनी चष्मा पुसला. जन्मभर दुसऱ्यांच्या पिशव्या उघडल्या होत्या त्यांनी. ज्याच्या पिशवीत काही नसतं, त्याला विचारलं तर तो आधी गांगरतो. ज्याच्या पिशवीत असतं, तो विचारायच्या आधीच ‘काही नाही’ म्हणून मोकळा होतो. महरीननं ‘कोणी नाही’ दोनदा म्हटलं होतं.

“कुणाला तरी पाठीशी घालत्येस तू, बाई.”

तिनं वर पाहिलं. डोळे काठोकाठ भरले होते. “माझी बॅग भरून झाली आहे, चाचा. आता विचारू नका.”

तेवढ्यात पुढल्या दारी कुणीतरी ओरडलं आणि काहीतरी धाडकन पडलं.

३

पडली होती ती खुर्ची. अलीनं हर्षद खोताची गचांडी धरली होती.

हर्षदचं सावर्ड्याला जडीबुटीचं दुकान. वाळवलेली अळंबी तोच विकत घ्यायचा. काल जेवून गेला तो आज माल न्यायला आला होता. बिचाऱ्यानं दारात पाऊल टाकलं नि ‘काय अलीभाई, पुढचं पीक कधी?’ म्हणून विचारलं. झालं! म्हाताऱ्याच्या डोक्यात सुनेच्या जागी हर्षद बसला.

“तूच! मागल्या महिन्यात बीज मागत होतास ना? काल जेवताना पाणी प्यायला दोनदा आत उठून गेलास!”

“अहो, रस्सा तिखट होता!” हर्षद गुदमरत म्हणाला.

आत्मारामांनी दोघांना सोडवलं. “हर्षद, सरळ सांग. नेलीस?”

“तोडणकरसाहेब, तुम्हीच विचार करा. चोरीच करायची तर वरच्या फळीवरचा डबा नसता का उचलला? तो विकता येतो. बीज नेऊन मी काय करू? माझ्या दुकानात पंखा धड फिरत नाही, हिला एसी लागतो. मागल्या महिन्यात मागितलं ते चुलतभावासाठी, त्यालाही नाद लागला होता. आता त्यानं कोंबड्या घेतल्या. अलीभाईंचं पीक बुडालं तर माझंही गिऱ्हाईक बुडालं की!”

बोलणं खोटं वाटण्यासारखं नव्हतं. अली मटकन पायरीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागला. “तीन वर्षं जगवली, साहेब. बोटीवर सगळी निजली की मी एकटाच भट्टीपाशी असायचो, तशी सवय होती. घरी आलो तर करायला काही नाही. ह्या बरण्यांनी मला धरून ठेवलं. आता मी सकाळी उठून बघू काय?”

आत्माराम त्याच्याशेजारी बसले आणि मनातल्या मनात मांडणी करू लागले. ज्याला पैशाचा मोह, तो डबा नेईल. ज्याला किड्यांचा राग, तो पाणी मोरीत ओतेल आणि बाटली तिथेच टाकेल. इथे डबा जागेवर, मोरी कोरडी आणि बाटली झाकणासकट गायब. म्हणजे नेणाऱ्याला ना लोभ, ना राग. नेणाऱ्याला ती काय आहे हेच ठाऊक नव्हतं. त्यानं दुसरंच काहीतरी समजून नेली.

दुसरं म्हणजे काय?

आत्माराम ताडकन उठले. अलीनंच सकाळी त्यांना सांगितलं होतं, बाटलीचं नाव काय ते! आणि आळीत अबोली एकाच अंगणात होती.

४

अलीच्या पलीकडलं घर आनंदीबाई केळकरांचं. यजमान गेलेले, मुलगा डोंबिवलीला. अंगण असं सारवलेलं की पाऊल ठेवायला संकोच वाटावा, आणि पाऊल ठेवणारं कोणी नाही.

“अगोबाई! आत्मारामभाऊ, तुम्ही? वाट चुकलात की काय?” म्हातारीला कुठे ठेवू नि कुठे नको असं झालं. पाट मांडला, पुन्हा उचलून खुर्ची दिली, कोकम सरबत केलं, त्यात साखर घालायची विसरली, मग साखर आणायला पळाली. “बसा हो. घाई नाही ना? मला मेली कसली घाई असणार?”

आत्मारामांनी सरबताचा घोट घेतला. “काय म्हणतेय तब्येत?”

“तब्येतीला काय धाड भरल्ये! पण काल बघा काय झालं. दूध विरजलंच नाही! ह्या उकाड्यात दूध नुसतं झाकून ठेवलं तरी आंबतं, आणि माझं सकाळी बघत्ये तर नासून फुटकवणी. दह्याचा पत्ता नाही. ओतलं माडाच्या मुळात. तिन्हीसांजेचं विरजण घेऊ नये म्हणतात, तेच बाधलं बघा.”

“विरजण कुणाकडून आणलंत?”

“महरीनकडून. रोज तिच्याकडूनच आणत्ये. जाताना अबोली न्यायची, येताना विरजण. दिवा लागला की विरजण हातानं द्यायचं नसतं ना, म्हणून ती देत नाही, मी आपली घेत्ये. काल ती नमाजात होती. मी म्हटलं, ‘विरजण नेत्ये गो.’ फ्रिज उघडला तर पातेलं नाही. पण मुकादम कितीदा म्हणतात, विरजण दारात असतं. दारात ही बाटली.”

मडक्याच्या तिवईखाली ओल्या वाळूत, गार राहावी म्हणून, लाल झाकणाची बाटली गळ्यापर्यंत रुतवून ठेवलेली होती. आत्मारामांनी ती उपसून उजेडात धरली. बाटली अर्ध्याहून जास्त भरलेली होती. बरोबर! विरजण चमचाभरच लागतं.

“परत नाही केलीत?”

“रिकामं भांडं कसं परत करायचं? दही लागलं असतं तर आज त्यात घालून देणार होत्ये. आता काय घालू, त्याच विचारात आहे.”

इथे खरं तर तपास संपला होता. चोर सापडला, मुद्देमाल सापडला. कस्टमात असते तर पंचनामा करून मोकळे झाले असते. पण आत्मारामांच्या मनात एक कुसळ राहिलं. त्यांची बायको रोज दही लावायची आणि उभ्या संसारात विरजण मागायला कुणाच्या दारी गेलेली त्यांना आठवत नव्हती. कशी जाईल? कालच्या दह्यातलं चमचाभर राखलं की आजचं विरजण झालं. ज्या घरी रोज दही लागतं, त्या घराला विरजण मागावं लागत नाही.

“आनंदीबाई,” त्यांनी सावकाश विचारलं, “तुम्ही रोज दही खाता?”

“छे हो! मला कुठलं दही? सांधे धरतात. डॉक्टरनं बंदच केलंय.”

“मग रोजचं दही खातं कोण?”

म्हातारी पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. चुलीमागून एक गुबगुबीत मांजर आळस देत बाहेर आलं आणि रिकाम्या वाटीपाशी जाऊन बसलं.

५

बाटली आणणं सोपं नव्हतं. “मी त्याच वाटेनं चाललोय, देतो नेऊन,” म्हटलं तर आनंदीबाई हटून बसल्या. “रिकामी नाही द्यायची म्हणजे नाही!”

“रिकामी कुठाय? अजून भरपूर आहे की आत.”

हे त्यांना पटलं. तरी त्यांनी बाटलीच्या गळ्याला अबोलीचा वळेसर बांधलाच.

आत्माराम मागच्या दारानं गेले. महरीन विहिरीपाशी उभी होती. बाटली पाहून तिनं हातातली घागर काठावर ठेवली.

“तू ऐकलं होतंस त्यांना,” आत्माराम म्हणाले.

“ऐकलं होतं. नमाजात बोलता येत नाही. आणि मला वाटलं, दही नाही बघून परत गेल्या. सकाळी अब्बा ओरडले तेव्हा कळलं.” ती म्हणाली, “सांगून काय करू, चाचा? अब्बा संतापले की समोरचं माणूस बघत नाहीत. ‘पुन्हा माझ्या घरात पाय ठेवायचा नाही’ म्हणाले असते. मग त्या जाणार कुठे? त्यांना दही नको असतं, मला माहीत आहे. मांजराला घालतात ते मी पाहिलंय. त्या माझ्याशी घटकाभर बोलायला येतात. आणि खरं सांगू? मीपण दिवसभर त्यांचीच वाट बघते.”

आत्मारामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते आत गेले.

अली मागच्या खोलीत धुतलेल्या बरण्यांसमोर बसला होता. आत्मारामांनी बाटली त्याच्यापुढे ठेवली आणि सगळं क्रमानं सांगितलं. डबा का राहिला, मोरी कोरडी का, नावामुळे घोटाळा कसा झाला. अलीच्या मानेच्या शिरा फुगल्या.

“म्हणजे त्या म्हातारीनं माझं विरजण दुधात घातलं? तिला आत्ता जाऊन...”

“बस खाली!” आत्मारामांचा आवाज कस्टमातला निघाला. “विरजण विरजण म्हणून आळीभर कोण सांगत फिरत होतं? आणि अली, तिच्या घरी दही खाणारं कोणी नाही. तरी ती रोज दूध विरजते. का, ते तुला कळत नसेल तर कुणालाच कळायचं नाही. जशा तुझ्या बरण्या, तशीच तिची विरजणाची वाटी.”

एसी घरघरत होता. अलीनं बाटलीच्या गळ्याची फुलं चाचपली. मग उठला, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. आत महरीन पाठमोरी होती.

“बाई,” तो म्हणाला, “मी चुकलो. तुझ्यावर आळ घेतला. भाऊ आला की त्याला जेवायला वाढ आणि परत पाठव. नाही पाठवलंस तरी माझं तोंड नाही तुला थांब म्हणायला.” मग घसा खाकरून म्हणाला, “आणि आज दूध जास्त घे. दही जास्त लाव. रोज लावत जा. पलीकडे लागतं.”

महरीननं मोठं पातेलं खाली काढलं.

६

उघडलेली बाटली, त्यात मडक्याखालची वाळू. अलीनं तरी बिस्मिल्ला म्हणून सगळ्या बरण्या लावल्या. आठवड्यात एकेक बरणी बुरशीनं हिरवी पडू लागली. अली ती उचलायचा, लांब नेऊन पुरायचा आणि मुकाट्यानं परत यायचा. शेवटी कोपऱ्यातली एकच बरणी पांढरी राहिली. मग एका सकाळी त्या पांढऱ्यातून केशरी टोक वर आलं. ते बघायला अलीनं सगळ्यांना बोलावलं. आनंदीबाई म्हणाल्या, “अगोबाई, माझ्या अबोलीचाच रंग!” महरीननं नाकाला पदर लावला, पण बघितलं.

कुणी आनंदीबाईंना बाटलीचं काही सांगितलं नाही. अली आता बीजाला विरजण म्हणत नाही, ‘माझी बुसानवाली’ म्हणतो.

त्या दिवशी बरणी बघून आत्माराम घरी आले. पेपर वाचून झाला होता. दुपार कलली, तरी दिवेलागणीला अजून अवकाश होता. गडग्यापलीकडून भांड्यांचा आवाज, आनंदीबाईंचं बोलणं, महरीनचं हसू ऐकू येत होतं. त्यांनी खोलीत दोनतीन येरझारा घातल्या. मग फडताळ उघडलं, बायकोच्या वापरातली एक छोटी वाटी काढली, फुंकर मारून धूळ उडवली आणि चपला धड त्या त्या पायात घालून निघाले.

“महरीन, जरा विरजण मिळेल का गो?”

महरीननं वाटीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. आनंदीबाईंनी सरकून बाकावर जागा केली.

“मिळेल की, चाचा. बसा आधी,” महरीन म्हणाली. “दूध तापवून ठेवलंत ना?”

आत्माराम बसले. वाटी दोन्ही हातांत फिरवत म्हणाले, “दूध होय? दूध आणायचं राहिलंच बघ.”